उरलेलं वाक्य

शनिवारी दुपारी खुर्च्या मांडायचं काम माझ्याकडे असतं. कुणी सोपवलेलं नाही, मीच ओढून घेतलंय. त्या निमित्ताने निदान कुणीतरी माझी वाट बघतं.

विद्यापीठाच्या ग्रंथालयाखाली, अर्धवट तळघरात, लेखन केंद्राची खोली आहे. खिडक्या छताशी, त्यामुळे आत बसलं की बाहेरून जाणाऱ्यांचे फक्त पाय दिसतात. पूर्वी तिथे बिघडलेले टाइपरायटर ठेवत असत म्हणे. हवा दमट झाली की भिंतींना अजून शाईचा आणि मशीनच्या तेलाचा वास सुटतो. दाराशी चहा-कॉफीचं यंत्र आहे. चहाचं बटण दाबलं तर ते चहा देतं, कॉफीचं दाबलं तरी चहाच देतं. इतकं ठाम मत केंद्रात दुसऱ्या कुणाचंच नाही.

माझं दुकान विद्यापीठाच्या फाटकाबाहेर. झेरॉक्स, प्रिंट, बाइंडिंग. शाळा मी फार लवकर सोडली. खरं तर शाळेनेच हुश्श केलं. पुढचं सगळं शिक्षण दुसऱ्यांचे प्रबंध शिवता शिवता झालं. डिंक वाळेपर्यंत हाताला काम नसतं, मग वाचायचं. बेडकाच्या कातडीवर वाचलं, जुन्या पुलांवर वाचलं, ज्यातलं ओ की ठो कळलं नाही तेही वाचलं. वाचता वाचता लिहावंसं वाटायला लागलं. आमचे हे म्हणाले, "लिही की! दुकानात कागदाला काय तोटा?" ह्यांचा पाठिंबा हा असा, स्टेशनरीपुरता.

केंद्राचा एक नियम आहे. तो बाईंनी घालून दिलाय. बाई म्हणजे केंद्राच्या प्रमुख. आवाज मऊ, पण त्यांच्यापुढे भल्याभल्यांची बोबडी वळते. नियम असा, की आपलं लिहिलेलं आपण वाचायचं नाही. दाराजवळच्या तारेच्या ट्रेमध्ये कागद ठेवून द्यायचे, वर नाव घालायचं नाही. बाई त्यातला एक लेख उचलतात, खोलीभर नजर फिरवतात आणि कुणाच्या तरी हातात देतात. त्याने तो तिथल्या तिथे, पहिल्यांदाच बघत, मोठ्याने वाचायचा. लिहिणारा ऐकणाऱ्यांत गप्प बसलेला असतो. "आपलं वाक्य परक्या तोंडातून आलं की ते कुठे लंगडतं ते कळतं," बाई म्हणतात.

वाचून झालं की थोडा वेळ कुणी बोलायचं नाही. मग एकेकाने, बसल्या जागेवरून, आपल्या मनात उरलेलं एक वाक्य म्हणायचं. स्तुती नाही, टीका नाही. फक्त वाक्य. त्याला आम्ही 'उरलेलं वाक्य' म्हणतो.

दातांच्या डॉक्टरीणबाईंचा लेख असला की खोलीभर वाक्यं उरतात. माझा असला की सगळे खिडकीतले पाय बघायला लागतात. मग आमचे कंडक्टर, म्हणजे बसच्या नोकरीतून निवृत्त झालेले, भला माणूस, घसा साफ करून माझं पहिलं वाक्य म्हणतात. पहिलं वाक्य उरणं म्हणजे काय ते लिहिणाऱ्यालाच विचारा. पाहुण्याने उंबऱ्यावरूनच घराची तारीफ करावी आणि चप्पल न काढता निघून जावं, तसं ते असतं.

वर्षातून एकदा वर, मोठ्या सभागृहात वाचन होतं. गावातली माणसं येतात. वर्षभरातला एक लेख त्यासाठी निवडतात. निवडलेला लेख बांधून द्यायचं काम अर्थात माझं. करडा पुठ्ठा, कापडी पाठ, आणि शेवटी एक कोरं पान जास्तीचं, मजकूर पुठ्ठ्याला चिकटू नये म्हणून. किती वर्षं मी दुसऱ्यांचे लेख असे नटवून पाठवले. एकदा आपला बांधावा, आणि त्या सभागृहात कुणाला तरी माझं एखादं वाक्य उरावं. मधलं. आयुष्याकडे मी फारसं काही मागितलेलं नाही, पण हे मागितलं होतं.

धाकटीला केंद्रात मीच नेलं.

धाकटी म्हणजे माझी जाऊ. दीर दूरच्या गावी नोकरीला, म्हणून ती आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहायला आली. इस्पितळात चौकशीच्या खिडकीशी, फोनवर बसते. कुठला डॉक्टर कुठल्या मजल्यावर, हे दिवसभर लोकांना सांगत असते. रोज सकाळी खाली माझ्या स्वयंपाकघरात येते, ओट्याला टेकून माझ्या हातचा चहा घेते आणि मग कामाला जाते. जावाजावांचं पटत नाही असं जगाने ठरवून टाकलेलं असतं, पण आमचं पटायचं.

"वहिनी, दर शनिवारी नटूनथटून कुठे हो जाता?"

"नटून कुठे गं? कंगवा फिरवला नुसता."

"तेच म्हणतेय. बाकीच्या दिवशी तोही नसतो."

मला हसू आलं. म्हटलं चल, तूही बघ. आपल्या हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात ते हेच.

त्या शनिवारी बाईंनी ट्रेमधला लेख उचलला आणि नेमका धाकटीच्या हातात दिला. बसमध्ये कुणीतरी विसरलेल्या छत्रीवरचा लेख होता. न सांगताही कळत होतं की कंडक्टरांचा आहे. धाकटी उभी राहिली आणि तिने तो फोनवर बोलावं तसा वाचला. चढ नाही, उतार नाही. लेखही साधाच. छत्री सापडली, डेपोत जमा केली, कुणी आलं नाही. मी मनात म्हटलं, बिचारी, पहिल्याच दिवशी फसली.

मग वाक्यं यायला लागली.

"'छत्री कोरडी होती, म्हणजे तो माणूस पाऊस यायच्या आधीच कंटाळून उतरला होता,'" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"'त्या रात्री मी ती घरात उघडून बसलो, आणि खाली दोघांची जागा होती,'" केंद्राचं रेकॉर्डिंग करते ती विद्यार्थिनी म्हणाली. तिला आम्ही कुरळी म्हणतो, तिच्या केसांवरून.

मी हे काहीच ऐकलं नव्हतं. वाटलं, डुलकी लागली असेल. डिंकाच्या वासाने मला कधी कधी जडपणा येतो. पण कंडक्टर मान खाली घालून डोळे पुसत होते. जाताना मी त्यांना गाठलं.

"चांगलं लिहिलंत हो."

"खरं सांगू का ताई," ते हळूच म्हणाले, "त्यातलं बरंचसं मी लिहिलंच नव्हतं. मला म्हणायचं मात्र तेच होतं." आणि आपल्या पोरीने बक्षीस मिळवावं तसे धाकटीकडे बघत राहिले.

त्यानंतर दर शनिवारी बाईंची नजर फिरून फिरून धाकटीवरच थांबायला लागली. लोक लवकर येऊन तिच्याजवळची खुर्ची धरायला लागले. आणि दर शनिवारी तेच व्हायचं. ती वाचायची ते मी कानात प्राण आणून ऐकायची. कागदावर असणार तेवढंच मला ऐकू यायचं, साधं, जरा लंगडं, आम्ही सगळे लिहितो तसं. मध्येच ती क्षणभर थांबायची, श्वास घ्यायला थांबतात तशी. आणि नेमकं तेव्हा सगळ्या खोलीचा श्वास अडकायचा. माझा सोडून.

मी हे कुणाला सांगितलं नाही. काय सांगणार? सगळे हसले की मी हसायची, अर्धा क्षण उशिराने.

मग एका शनिवारी माझा लेख तिच्या हातात गेला.

दुकानातल्या फळीवर पडून राहिलेल्या एका प्रबंधाबद्दल होता तो. एका मुलाने बांधायला दिला आणि न्यायला आलाच नाही. मी तो दर आठवड्याला पुसते, जागेवर ठेवते. माझ्या मते बरा उतरला होता. धाकटीने वाचला. मला माझं अक्षर न् अक्षर ऐकू आलं. ती चार-पाच ठिकाणी थांबली, तिथे माझ्या कागदावर काहीच नव्हतं.

संपल्यावर कुणीही खिडकीकडे बघितलं नाही.

"'तो आला नाही याचं मला बरं वाटायचं, आला असता तर द्यावा लागला असता,'" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"'एकदा मी त्याच्या नावावर माझं नाव ठेवून बघितलं, नुसता कागद, चिकटवला नाही,'" कुरळी म्हणाली.

कंडक्टरांना पहिलं वाक्य उरलं नाही. त्यांना मधलंच कुठलंसं उरलं होतं. सगळ्यांना काही ना काही उरलं. एकही वाक्य मी लिहिलेलं नव्हतं. आणि एकही खोटं नव्हतं.

लेख कुणाचा ते सांगायची वेळ झाली तेव्हा मी हात वर केला. टाळ्या झाल्या. मग लोक उठले आणि धाकटीभोवती जमा झाले.

मत्सर हा शब्द प्रबंधांत फार छान दिसतो. घरी आम्ही त्याला पोटात दुखणं म्हणतो, आणि ते खरोखरच पोटात दुखतं, बरगडीच्या खाली, डाव्या अंगाला. धाकटीचा मत्सर वाटला असता तर समजण्यासारखं होतं. मला त्या लेखाचा वाटत होता. जो माझा म्हणून सगळ्यांनी ऐकला, आणि मला एकटीला ऐकू आला नाही, त्याचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा ओतता ओतता मी विचारलं, "काल तू नक्की काय वाचलंस गं?"

"जे होतं ते, वहिनी."

"मध्ये आपलं काही घातलं नाहीस ना?"

ती हसली. "मी? मला दुधाची चिठ्ठी नीट लिहिता येत नाही." तिने कागद घेऊन मला पुन्हा वाचून दाखवलं. ती त्याच जागी थांबली. मला नळाचं ठिबकणं ऐकू आलं. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "केवढं लिहिता हो तुम्ही. मला तर भीतीच वाटते."

मी कुरळीकडे गेले. म्हटलं रेकॉर्डिंग ऐकव. ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर बसून आम्ही एकेक इअरफोन कानात घातला. धाकटीचा आवाज, पानांचा आवाज, कुणाचा तरी खोकला. माझी वाक्यं, मी लिहिली तेवढीच. मग पान उलटल्याची सळसळ आणि त्यामागे शांतता. माझ्या शेजारी कुरळीने माझं मनगट घट्ट धरलं.

"हे! हेच वाक्य! काकू, कसं सुचतं हो?"

मी कानातला इअरफोन काढून तिचा मागितला. तो कानात घातला. त्यातही शांतताच होती.

वर्षाच्या मोठ्या वाचनासाठी माझा लेख निवडला गेला. वाचायचा अर्थातच धाकटीने. घरी सांगितलं तर हे, जे आजवर एकदाही केंद्राकडे फिरकले नव्हते, म्हणाले, "धाकटी वाचणार? मग यायलाच पाहिजे."

"लेख माझा आहे."

"हो हो, तेही आहेच."

मी बाईंकडे गेले. म्हटलं, यंदा माझा मी वाचते.

"नियम तुम्हाला माहीत आहे," बाई म्हणाल्या.

"एकदा तरी, बाई. मोडला तर काय होईल?"

त्यांनी चष्मा काढला. त्या चष्मा काढून बोलतात तेव्हा समोरच्याचं काही खरं नसतं. "तुम्हाला राग येईल, पण सांगते. कितीतरी वर्षं तुमचं ऐकतेय मी. तुम्ही लिहिता ते बंद दारासारखं असतं. नीट रंगवलेलं, पण बंद. ती वाचते तेव्हा ते उघडतं. तुमचं लेखन, तिचा गळा. काय वाईट आहे त्यात?"

वाईट काहीच नव्हतं. मी मान हलवली आणि दुकानात येऊन कटर लावला.

मी मनाशी ठरवलं होतं, की ही मध्येमध्ये आपल्या पदरचं घालते आणि सगळे मिळून मला बनवताहेत. दुसरं काही मानायची माझी तयारी नव्हती. मग लेखाऐवजी मी कोरे कागद घेतले. चांगले, जाड, प्रबंधाला वापरतात ते. कडा कापून सारख्या केल्या. टोचे मारले, शिवले, करडा पुठ्ठा चढवला, कापडी पाठ लावली. सवयीने शेवटी एक कोरं पान जास्तीचं घातलं. घातल्यावर माझं मलाच हसू आलं. कोऱ्या कागदांना कोऱ्या कागदाची राखण!

वाचणाऱ्याला ही बांधलेली फाइल व्यासपीठावरच मिळते. ती सभागृहासमोर उघडेल. गप्प उभी राहील, नाहीतर मनचं सांगायला लागेल. कसंही झालं तरी एकदाचा सोक्षमोक्ष लागेल.

वाचनाच्या दिवशी निघताना जिन्यावर धाकटीने मला थांबवलं. माझ्या खांद्यावर बाइंडिंगचा दोरा लोंबत होता. तो तिने चिमटीत धरून काढला, फुंकर मारून उडवला.

"घाबरू नका हं वहिनी. मी नीट वाचीन."

माझ्या मनात त्या वेळी काय आलं ते सांगत नाही. आलं आणि गेलं. आम्ही दोघी जिना उतरलो.

सभागृह भरलं होतं. उन्हं तिरपी होऊन मधल्या रांगांवर पडली होती आणि त्यात धूळ तरंगत होती. मी दुसऱ्या रांगेत, शेजारी हे. आमच्या दोघांत खुर्चीचा एकच हात होता, आणि त्यावर ह्यांचं कोपर. बाईंनी फाइल धाकटीच्या हातात दिली. तिने माईक जरा खाली ओढला आणि पुठ्ठा उघडला.

ती कागदाकडे बघत राहिली. मी वाट बघत होते तिचा चेहरा पडायची.

तो पडला नाही. तिने मान जराशी तिरकी केली, आपण बारीक अक्षर लावताना करतो तशी.

मग शांतता सुरू झाली.

तिचं तोंड माईकच्या मागे होतं. ओठ हलत होते की नव्हते, मला अजून सांगता येत नाही. गळा हलत होता. डोळे डावीकडून उजवीकडे जात होते, परत डावीकडे येत होते, एकेक ओळ खाली उतरत होते. एक पान संपलं. तिने ते उलटलं.

वर पंखे फिरत होते, ते ऐकू येत होतं. मागे कुणाची तरी खुर्ची करकरली. मी वळून बघितलं. एवढं मोठं सभागृह, आणि एकाही माणसाच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. सगळे ऐकत होते.

मग सगळे एकदम हसले.

हेही हसले. मला कोपराने ढोसून म्हणाले, "हे आपल्याकडचं ना गं? स्टेशनरी!"

दुसरं पान. तिसरं. हसणं ओसरलं. कुणीतरी नाक ओढलं.

मी हसले नाही की रडले नाही. मी माझे हात बघत बसले. नखांत डिंक होता.

मग ह्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं. पटकन. ओळखीच्या रस्त्यावर एखादं घर पाडलेलं दिसावं तसं.

आणि खुर्चीच्या हातावरचं आपलं कोपर हळूच काढून घेतलं.

धाकटी शेवटाकडे आली. ती एका पानावर थांबली. ते उलटून पुढचं बघितलं. बराच वेळ बघितलं. मग पुठ्ठा मिटला.

नियमाप्रमाणे कुणी बोललं नाही. नंतर वाक्यं यायला लागली.

कंडक्टर उभे राहिले. "'कोऱ्या कागदांच्याही कडा मी कापून सारख्या केल्या, वाईट काम करतानासुद्धा माझा हात नीटनेटकाच चालतो.'"

डॉक्टरीणबाई. "'ती माझ्या खांद्यावरचा दोरा काढत होती, आणि मी मनातल्या मनात तिला जिन्यावरून ढकलत होते.'"

मागच्या रांगेतून, मी कधी न पाहिलेला एक माणूस. "'सगळे हसले की मीही हसायची, अर्धा क्षण उशिराने.'"

कुरळी, रडत. "'तिचा आवाज मला नको होता. तो कुणालाच मिळू नये, एवढंच हवं होतं.'"

वाक्यं येतच राहिली. सगळी मधली.

ह्यांची पाळी आली. "मला काही उरलं नाही," हे म्हणाले, आणि पाणी प्यायला उठून गेले.

मला व्यासपीठावर बोलावलं. फुलं दिली. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. बाईंनी माझे दोन्ही हात हातात घेतले. "नवंच लिहिलंत, आणि मला कळूही दिलं नाहीत! स्वतःबद्दल इतकं निर्दय लिहायला धाडस लागतं. सगळं कल्पनेतलं, पण शपथेवर सांगितल्यासारखं." त्यांच्या खांद्यावरून मला धाकटी दिसत होती. ती फाइल छातीशी धरून उभी होती, आणि टाळ्या वाजवत नव्हती.

नंतर मी खाली केंद्राच्या खोलीत गेले. वरची गर्दी पांगत होती, खिडक्यांतून पायच पाय चालले होते. सवयीने मी खुर्च्या एकावर एक रचायला लागले. धाकटी मागून आली. दार लोटलं.

"वहिनी, शेवटचं पान मी वाचलं नाही."

"कुठलं शेवटचं?"

"सगळ्यात मागचं. ते चार लोकांत वाचण्यासारखं नव्हतं."

तिने फाइल टेबलावर उघडली. माझं जास्तीचं पान. पांढरं, स्वच्छ. कोऱ्या पानाच्या कडा बोटाला टोचतात. हाताळून, वाचून झालेल्या पानाच्या मऊ पडतात. मी अंगठा फिरवला. कड मऊ होती.

धाकटी बोट ठेवून वाचत होती. बोट वरून खाली सरकत गेलं आणि अगदी तळाशी, कोपऱ्यापाशी थांबलं.

"हे खरंच करणार आहात तुम्ही?"

"काय?"

तिने माझ्याकडे बघितलं. इस्पितळाच्या खिडकीशी आलेल्या माणसाकडे ती असंच बघत असेल, ज्याला अजून काही कळलेलं नसतं.

"तुम्हीच लिहिलंय ना."

"मोठ्याने वाच की," मी म्हणाले. माझा आवाज नेहमीसारखा आला.

तिने वाचलं. तिचा गळा हलला. डोळे भरून आले. दाराशी चहाचं यंत्र घरघरत होतं, ते मी ऐकलं. बाहेर कुणीतरी बूट आपटत गेलं, तेही ऐकलं.

"असंच ना, वहिनी?" तिने विचारलं.

तेव्हाच सांगायला हवं होतं. मला काही दिसत नाही गं, मला काही ऐकू येत नाही. पण सगळ्या गावाने माझ्यासाठी उभं राहून टाळ्या वाजवल्याला अजून घटकाही झाली नव्हती.

"हो," मी म्हणाले.

तिने मान हलवली. शिवणीशी नख लावून ते पान अलगद काढलं, घडी केली, पर्समध्ये ठेवलं.

"बरं केलंत," ती म्हणाली. "आधी सांगितलंत ते."

आता शनिवारी बाईंच्या शेजारची खुर्ची माझी असते. नवे लोक मला लेख दाखवायला दुकानात येतात. फळीवरचा तो प्रबंध अजून कुणी न्यायला आलेलं नाही. मी तो पुसते, जागेवर ठेवते. ह्यांनी चहा सोडलाय. पित्त होतं म्हणाले.

धाकटी मात्र रोज सकाळी येते, पूर्वीसारखी. ओट्याला टेकून उभी राहते, इस्पितळातल्या गमती सांगते, मला हसवते. मी दोन कपांत चहा ओतते. ती तिचा उचलत नाही. बोलता बोलता माझ्याकडे बघत राहते, मी पहिला घोट घेईपर्यंत. मग तिचा उचलते.

आज तिने बोलता बोलता दोन्ही कपांची अदलाबदल केली आणि माझ्याकडे बघून हसली. मीही हसले, अर्धा क्षण उशिराने. चहावर वाफ होती, रंग नेहमीचाच होता. साखर मीच घातली होती, दूध मीच घातलं होतं.

तरी तोंडाशी नेलेला कप मी खाली ठेवला.